एका लेव्हलचं खुराडं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी पास झालो असंही नाही, चौथीच्या वर्गात बसलो एवढंच. पण चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून काम केलं आणि कामठी रोडपासून महालपर्यंत माझ्या हातच्या भिंती उभ्या आहेत. कुठल्याही भिंतीला ओळंबा लावून पाहा. केसाएवढा फरक निघाला तर मिशी काढून देतो. हे मी आजही चारचौघांत म्हणतो, आणि आजवर कोणी ओळंबा घेऊन आलेला नाही.

अशा माणसाने घरामागे पाच कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं आणि स्वतःच्याच हाताने फोडलं, म्हणून आमची वस्ती अजून हसते. हसू दे. पण हसणाऱ्यांना अर्धंच माहीत आहे, म्हणून पुरतं लिहितो.

कोंबड्या पाळायचं माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. बायको लग्नानंतर माझ्याच साइटवर रेजा म्हणून कामाला लागली. सिमेंट-रेतीचा मसाला घमेल्यात भरायचा, डोक्यावर घ्यायचा आणि बांबूच्या शिडीने वर चढवायचा. दिवसभर हेच. भिंतीला नाव माझं लागलं, गुडघे तिचे गेले. दोन वर्षांमागे डॉक्टरने सांगितलं, जिना चढायचा नाही, बाजारात जायचं नाही, खाली बसायचं नाही. जी बाई जन्मात कधी टेकली नव्हती ती दिवसभर मागच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहू लागली. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण.

तिची थोरली बहीण कुहीकडच्या एका गावात राहते. आमच्याकडे बायकोच्या थोरल्या बहिणीला आकडसासू म्हणतात. नातं मानाचं, तिच्यासमोर थट्टामस्करी चालत नाही. म्हणजे माझी चालत नाही, तिची चालते. तिने बहिणीची ही गत ऐकली आणि पाच तलंगा पाठवल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. टोपल्यात बसून, एसटीच्या सीटखालून, पाहुण्यासारख्या आल्या.

बायकोने रंगावरून नावं ठेवली. काळी, तांबडी, कबरी, पिवळी; आणि पाचवी अंगाने लहान म्हणून बुटकी. महिन्याभरात घर पुन्हा बोलतं झालं. पायगुण वगैरे मी मानत नाही, पण जे डोळ्यांनी दिसलं ते दिसलं. सकाळी उठल्याउठल्या काळीशी गोष्टी सुरू व्हायच्या. रात्री काय स्वप्न पडलं, सुनेने फोनवर काय म्हटलं, भाजीवाल्याने सडका टमाटर कसा घातला, सगळं त्या कोंबडीला सांगायचं. काळी खुर्चीच्या हातावर चढून बसायची आणि मान वाकडी करून ऐकायची. चहा मला मागून मिळायचा. तक्रार नव्हती. बायको दोन पोळ्या खाऊ लागली होती.

मी पायरीवर बसून बिडी ओढत कोंबड्या पाहायचो. मिस्त्रीचा डोळा, एकदा पाहायला लागला की वाकडं आधी दिसतं.

तांदळाची कनकी, म्हणजे कणी, टाकली की पहिली चोच काळीची. बाकीच्या चौघी मागे उभ्या. काळीचं अर्धं झालं की तांबडी पुढे. कबरीने घाई केली तर तांबडी तिच्या डोक्यात टोच मारणार. कबरी ओरडणार नाही, मागे वळून पिवळीला मारणार. पिवळी बुटकीला मारणार. बुटकीच्या खाली कोणी नव्हतं, म्हणून ती जमिनीलाच एक चोच मारून बाजूला व्हायची. तिच्या पाठीवरची पिसं गेली होती. लाल चामडी दिसायची. दाणे संपल्यावर ती धूळ उकरून काय मिळतं ते पाहायची.

हे माझ्याने पाहवेना. कारण सांगतो. माझा बाप याच शहरात बुद्धधम्माची दीक्षा घ्यायला आला तेव्हा मी तीन वर्षांचा, त्याच्या खांद्यावर होतो. मला त्यातलं काही आठवत नाही. पण त्या दिवसानंतर आमच्या घरात एक गोष्ट ठरली ती ठरली. सगळ्यांनी एकाच वेळी जेवायला बसायचं. बाप आधी, पोरं नंतर, बाया उरलंसुरलं, हे बंद. आई शेवटची भाकर भाजून येईपर्यंत बापाने कधी घास मोडला नाही. तो नियम मी माझ्या घरात चालवला, पोराने त्याच्या घरात चालवला. आणि माझ्याच घरामागे, माझ्याच पैशाची कनकी खाऊन, एक कोंबडी उपाशी?

बायको म्हणाली, "काहून डोळे वटारून रायले त्या कोंबडीवर?"

"हे पाय. सारी कनकी संपली, बुटकीले एक दाणा नाई."

"भेटन तिले. काळीचं झालं का भेटते."

"काळीचं झालं का म्हणजे? काळी काय पाटलीण लागून गेली?"

"हाय. मंग?"

"माह्या घरात पाटलीण-बिटलीण चालत नाई."

"तुमच्या घरात चालत नसन. हे माहं घर हाय," असं म्हणून तिने काळीला कुरवाळलं.

मी दुसऱ्या दिवशी जुन्या विटा काढल्या.

खुराडं असं बांधलं की बंगलेवाल्यांनी येऊन पाहावं. खाली पक्कं जोतं, बाजूला जाळी, वर पत्रा, आतून भिंतीला छपाई, म्हणजे गिलावा. दाणा-पाण्यासाठी सिमेंटची लांब कुंडी, तिच्यात पाच खण, प्रत्येकीचा वेगळा. बसायला एकच लांब दांडा, आणि तो मी लेव्हल पाईपने बराबर केला. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी असते, दोन्ही टोकांना पाणी एका उंचीवर थांबलं की जागा समान. पाच कोंबड्या, एक दांडा, एक उंची. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. सांदवाडी म्हणजे घरामागची ती मोकळी जागा. तीही झाडून लख्ख केली. मोडके डबे, छपराची फुटकी कवेलू, जुनं दार, सगळं भंगारात दिलं.

शेजारचे गुरुजी भिंतीवरून पाहत होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, पण तपासणी सुटली नाही.

"मिस्त्री, कोंबड्यायले सोसायटी बांधून देऊन रायले का?"

"हो. तुमाले फ्लॅट पायजे असन तं सांगा, कोपऱ्याचा शिल्लक हाय."

"पारिंग कुठी हाय?" गुरुजींना गाड्या उभ्या करायची जागा म्हणायचं होतं, पण तोंडात पान होतं.

पहिल्या दिवशी काळी पहिल्या खणातलं खाऊन दुसऱ्या खणात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पाच खण बांधले म्हणून तिला पाच वेळा जेवायला मिळालं. आणि दांड्यावर तर रोज संध्याकाळी युद्ध. आधी त्या कशाही, विटांच्या ढिगाऱ्यावर वरखाली बसायच्या आणि गप्प झोपायच्या. आता एका रांगेत बसल्या की ढकलाढकल, टोचाटोची, धप्पकन खाली पडणं. अंधार पडेपर्यंत कलकल चालायची. सगळ्यात जास्त मार बुटकीला.

माझं बांधकाम चुकेल हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. बांधकाम बराबर होतं, मी दोनदा नळी लावून पाहिलं. मग दोष कोणाचा? काळीचा.

नेमकं त्याच वेळी आकडसासूच्या नातीचं लग्न निघालं. आमचा पोरगा येऊन आईला गाडीत घालून घेऊन गेला, दहा दिवसांसाठी. मी मागे राहिलो. निघताना बायको खुर्चीवरून उठली, काळीला म्हणाली, "जाऊन येतो वं." मग माझ्याकडे वळून, "काळीले सांभाळजा."

"सांभाळतो ना. तू निश्चिंत जाय."

गाडी वळली आणि मी काळीला उचलून न्हाणीच्या पलीकडे, घराच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्या टोपल्याखाली ठेवलं. दाणा, पाणी, खाली पोतं, सगळं दिलं. जेल नव्हती ती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. विचार एवढाच की पाटलीण दहा दिवस गैरहजर राहिली की बाकीच्यांना सवय लागेल, सगळ्या एकत्र खातील, आणि परत आल्यावर तीही मुकाट्याने रांगेत बसेल. साइटवर एखादा मजूर दादागिरी करायचा तेव्हा मी हेच करायचो, आठ दिवस दुसऱ्या साइटवर पाठवायचो. माणूस सुधारून यायचा.

दोन दिवस खूप भांडण झालं. तिसऱ्या दिवशी शांत. मी पाहिलं तर बुटकी एका खणात चोच घालून खात होती. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. आता कळतं की त्या वेळी तांबडी पलीकडे धुळीत अंग घोळत होती, म्हणून. पण तेव्हा मला हवं तेच दिसत होतं.

दहाव्या दिवशी बायको आली. गाडीतून उतरून सरळ मागे गेली. मी मोठ्या थाटात टोपलं उचललं आणि काळीला सांदवाडीत सोडलं.

काळी जशी नेहमी चालायची तशीच चालत गेली, मान वर, सरळ कुंडीकडे. तांबडीने तिला येऊ दिलं, अगदी दोन हातांवर. मग उडी मारून तिच्या तुऱ्याला धरलं. काळीला कळलंच नाही काय झालं. ती पलटून लढली, खूप लढली, पिसं उडाली, पण दहा दिवस टोपल्याखाली वाकून बसलेले पाय ते. ती खाली गेली. तेवढ्यात कबरी धावून आली. मग पिवळी. आणि सगळ्यांच्या शेवटी जी आली आणि काळीच्या उघड्या मानेवर सगळ्यात जोराने चोच मारू लागली ती बुटकी. जिच्यासाठी मी विटा काढल्या होत्या, ती.

बायकोला पळता येत नाही. तिने हातातली पिशवी फेकून मारली. मी मध्ये पडून काळीला ओढून काढलं. डोकं रक्ताने भरलं होतं.

"काळी कुठी होती?" बायकोने विचारलं.

मी सांगितलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी ओरडलो असतो आणि मिटलं असतं. ती फक्त म्हणाली, "या रेजाले एकडाव इचारलं असतं तं सांगितलं असतं." आणि बोलणं बंद.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात भांडणं झाली, पण बोलणं बंद पहिल्यांदा. चहा यायचा, ताट यायचं, एकत्र जेवायचा नियमही तिने मोडला नाही. समोरासमोर बसून दोघं गप्प जेवायचो. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायची. "गॅस संपला म्हणा." "लाईटचं बिल आलं म्हणा." आणि काळीशीही बोलेना, कारण काळी खुर्चीजवळ येईना. ती पाण्याच्या ड्रमामागे भिंतीला तोंड लावून बसली. बाहेर आली की चौघी तुटून पडायच्या. मी हातावर दाणे घेऊन गेलो तरी चोच उघडेना. जखमेला हळद आणि तेल लावलं, तर हळदीने रंगलेली मान पाहून बाकीच्या अजून धावल्या. तुरा लाल होता तो फिका पडत चालला. नुकत्याच अंड्यावर आलेल्या पाचही जणींनी अंडी देणं बंद केलं होतं.

चौथ्या दिवशी बायकोने अर्धीच पोळी खाल्ली. कोंबडी मेली तर घरात पुन्हा ते आधीचे दिवस येणार, मागच्या दारात एक बाई आणि खुर्चीचा रिकामा हात, हे मला स्पष्ट दिसलं.

गुरुजी भिंतीवरून म्हणाले, "मिस्त्री, मराच्या आधी रस्सा करून टाका. वाया जाईन."

"गुरुजी, भिंतीवरून उतरा. तुमचाच करीन."

काय करायचं ते कोणाला माहीत आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण आकडसासूला फोन करायचा म्हणजे आधी आपण काय केलं ते सांगायचं. तिच्या भेटीच्या कोंबडीवर. मी पाच दिवस काढले. पाचव्या दिवशी दुपारी बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून घरापासून लांब, चौकातल्या पानठेल्यामागे उभं राहून फोन लावला.

"बाई, तब्येत कशी हाय?"

"माही बरी हाय. कोंबडीची सांगा."

बहिणीने सगळं आधीच सांगितलं होतं. मी पाच दिवस लाजलो ते फुकट.

"बाई, तुमी सांगान तसं करतो."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "जवाई, हे वाक्य म्या पंचेचाळीस वर्षांत पयल्यांदा आयकलं. उद्याच्या पयल्या गाडीनं येतो. असं फोनवर वाया जाऊ देत नाई मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. पाणीसुद्धा न पिता मागे गेली. खुराडं पाहिलं, कुंडी पाहिली, दांड्यावरून हात फिरवला.

"मस्त बांधलं. कोणासाठी?"

"कोंबड्यायसाठी."

"त्यायले इचारलं होतं?"

बायको खुर्चीवर बसली होती. ती हसली नाही, पण तिने पदर तोंडाला लावला.

मग आकडसासू बोलायला लागली आणि मी ऐकलं. खाली मान घालून नाही, पण ऐकलं. ती म्हणाली, वरची जागा वर दिसली की वरची कोंबडी वर जाते, खालची खाली बसते, भांडण तिथंच संपतं. तुम्ही सगळं एका लेव्हलवर आणलं, मग कोण कुठं बसणार हे रोज संध्याकाळी नव्याने ठरतं, आणि नव्याने ठरायचं म्हणजे नव्याने मारामारी. एका कुंडीत खायला घातलं की जिच्यात जोर ती पूर्ण कुंडी धरते. चार ठिकाणी लांबलांब टाका, एकटी कोंबडी चार ठिकाणी पहारा देऊ शकत नाही. आणि ही सांदवाडी मैदानासारखी झाडून कशाला ठेवली? मार खाणारीला लपायला आडोसा पाहिजे. समोर दिसतच राहिली तर मारणारी मारतच राहणार.

"आनं कोंबडी एकटी बाहेर काढाची नसते जवाई. आमच्याकडे खुडूक होऊन अंड्यावर बसलेली बी वीस-एकवीस दिवसांनी परत आली का तिची जागा गेलेली असते. ते पिल्लं घेऊन रागात येते म्हणून निभते. हे तं बिचारी टोपल्यातून निघाली."

"मंग आता?"

"आता तांबडीले टोपल्याखाली घाला. तीनच दिवस. तेवढ्यात काळी उठली तं उठली. आनं हा दांडा तोडा, पायऱ्या-पायऱ्यानं लावा."

"दांडा नाई तोडत," मी म्हणालो. "बाकी सारं करतो. दांडा पक्का बसवला हाय, काँक्रीटमधी. लेव्हल बराबर हाय."

"नका तोडू. कोंबडी मरन, दांडा राहीन. मंग तिले दांड्यासंगच बोलाले लावजा."

मी बायकोकडे पाहिलं. ती ड्रमाकडे पाहत होती.

आत जाऊन छिन्नी-हातोडा आणला. दुसऱ्याने चुकीची बांधलेली भिंत मी कितीदा फोडली आहे, हसत फोडली आहे. स्वतःची कधीच नाही. पहिला ठोका मारला तेव्हा काँक्रीट हललंसुद्धा नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. काम चांगलं होतं. अर्धा तास लागला. गुरुजी भिंतीवर आले होते, धूळ उडाली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

दांड्याचे चार तुकडे केले आणि जिन्यासारखे लावले, सगळ्यात वरचा छातीइतका, सगळ्यात खालचा गुडघ्याखाली. हातांना सवय, खिशातली नळी निघालीच. आकडसासूने ती हातातून घेतली. कुंडी उलटी घालून तिचा आडोसा केला. भंगारवाल्याकडून माझंच जुनं दार मी पैसे देऊन परत आणलं आणि भिंतीला तिरकं टेकवलं. कनकी चार कोपऱ्यांत चार फुटक्या थाळ्यांत. काळीच्या मानेवरची हळद पुसून आकडसासूने तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवून लावली. जखम झाकली. काळ्या मानेवर काळंच, कोणाला काही दिसेना.

दुपारी जेवताना गुरुजींनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे मिस्त्री, शेवटी वर-खाली लागतेच म्हणा."

मी घास खाली ठेवला. पण माझ्या आधी आकडसासू बोलली. "गुरुजी, कोंबडीची जागा कोंबडी आपल्या चोचीनं घेते. काळीले पिल्लं झाले असते तं काळीच्या पोटची म्हणून त्यायले कोणी पुढं बसवलं नसतं. सारे खालूनच चालू करतात. आनं आज वरती हाय ते उद्या खाली येते, तुमच्या डोळ्यासमोर आली ना? तुमचं माणसायचं तसं होतं का?"

गुरुजी म्हणाले, "भाजी चांगली झाली."

माझं मत मी सांगून टाकतो. माणसांबद्दल ते बदललेलं नाही, बदलणारही नाही. आमच्या घरात शेवटची पोळी होईपर्यंत घास मोडत नाहीत. कोंबड्यांबद्दल मी चुकलो. पण ज्याला चुकलो म्हणायला इतके दिवस लागतात तो माणूस पुन्हा तीच चूक करत नाही, एवढं श्रेय मी घेतो.

आकडसासू संध्याकाळच्या गाडीने गेली. तांबडी तीन दिवस टोपल्याखाली होती. पहिल्या दिवशी काळी ड्रमामागून निघाली नाही. दुसऱ्या दिवशी मी पाहत नाही असं दाखवत पाहिलं, ती दारामागच्या थाळीपाशी उभी होती. खाल्लं की नाही दिसलं नाही. संध्याकाळी मी थाळी तपासली, कनकी कमी झाली होती. चिमणीनेही खाल्ली असेल, म्हणून मी काही बोललो नाही. बोलणार तरी कोणाशी.

तांबडीला सोडलं तेव्हा माझा जीव खालीवर. तिची आणि कबरीची झटापट झाली, छोटीच, आणि तांबडी वरच्या दांड्यावर जाऊन बसली. कबरी दुसऱ्या. काळी सगळ्यात खाली, बुटकीच्याही खाली, जमिनीवर. पण कोणी ढकललं नाही. अंधार पडायच्या आत सगळ्या गप्प झाल्या. बुटकी चौथ्या कोपऱ्यात रोज पोटभर खाऊ लागली, आणि आठ दिवसांत तिच्या पाठीवर बारीक काट्यासारखी नवी पिसं दिसू लागली. तिला कोणी समान केलं नाही. तिला एक कोपरा मिळाला.

बायको अजून भिंतीशीच बोलत होती. पण पोळी पूर्ण खाऊ लागली होती, ते मी मोजत होतो.

मग एके सकाळी मी समोरच्या खोलीत दाढी करत होतो. मागून आरोळी आली, इतक्या जोराने की वस्तरा गालावरून सरकला.

"अवो! अवो, लवकर या! टोचलं तिनं!"

मी साबण लावलेल्या तोंडाने धावलो. मला वाटलं काळी गेली. पाहतो तर बायको खुर्चीवरून उठून उभी, दाराची चौकट धरून, आणि समोर काळी दारामागच्या थाळीवर. मान वर. पिवळी दोन हात मागे सरकलेली, डोकं खाजवत.

"कोणी कोणाले टोचलं?"

"काळीनं! पिवळीले! हे आली थाळीवर, आनं हिनं असं डोक्यात मारलं ना तिले, असं!" तिने हाताने करून दाखवलं. "पाय ना, पिवळी मांगं गेली. पुरी मांगं गेली."

त्याच वेळी पिवळीने पुन्हा एक पाऊल पुढे टाकलं. काळीने एकदाच पाहिलं आणि खटकन दुसरी मारली.

"शाब्बास!" मी ओरडलो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. साबणावरून रक्ताचा थेंब हनुवटीवर आला होता. तिने पदराने तो पुसला आणि म्हणाली, "तुमी काहून नाचून रायले? तुमाले तं टोचणं बंद करायचं होतं ना?"

"गप वं," मी म्हणालो, "तिले खाऊ दे."

त्या संध्याकाळी काळी तिसऱ्या दांड्यावर बसली, पिवळीच्या वर. आजही तिथंच बसते. वरचा दांडा तिने मागितला नाही. सकाळी खाली उतरली की आधी थाळीकडे जाते, मग खुर्चीच्या हातावर, आणि बायको तिला सांगत बसते की आमच्या घरातल्या माणसाने काल काय काय केलं. मी पायरीवर बसून ऐकतो. बरंचसं खरं असतं.